१९१८ : बव्हेरियाची गादी एका संध्याकाळी कशी गेली?

तळटीप (धागाकर्ता)

जर्मनीतली राजेशाही कोसळली म्हटलं की सगळ्यांना ९ नोव्हेंबर १९१८ चं बर्लिन आणि कैसर विल्हेल्म आठवतो. पण त्याच्या दोन दिवस आधीच, ७ तारखेच्या रात्री, जर्मन साम्राज्यातल्या बव्हेरिया राज्याच्या राजधानीत, म्युनिकमध्ये, तिथल्या विटेल्सबाख राजघराण्याची गादी गेलेली होती. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने ११८० मध्ये ओटो फॉन विटेल्सबाखला बव्हेरिया दिला, तेव्हापासून हे घराणं तिथे राज्य करत होतं. १ जानेवारी १८०६ पासून ते 'राजे' झाले. म्हणजे ७३८ वर्षांची सत्ता, आणि ती जायला लागले जेमतेम सात-आठ तास. तेही जवळजवळ रक्त न सांडता. हे नेमकं कसं झालं, त्यासाठी हा धागा.

आधी त्या दिवसाचा क्रम लावून घेऊ.

गुरुवार, दुपारी ३. ऑक्टोबरफेस्ट भरतो ते थेरेझियनवीझ मैदान. बहुमतवाले सोशल डेमोक्रॅट (यापुढे एसपीडी), कामगार संघटना आणि युद्धाला विरोध करून वेगळे झालेले स्वतंत्र सोशल डेमोक्रॅट (यूएसपीडी) यांची संयुक्त सभा. गर्दीचे अंदाज ४० ते ६० हजारांच्या घरातले. शहराची लोकसंख्या तेव्हा सहा लाखांच्या आसपास, यावरून प्रमाण लक्षात यावं. ध्वनिवर्धक नव्हते, त्यामुळे मैदानात ठिकठिकाणी वेगवेगळे वक्ते एकाच वेळी बोलत होते. प्रत्येक वक्त्याभोवती त्याचा वेगळा गट जमला, आणि ही बाब पुढे महत्त्वाची ठरली.

सभेच्या ठरावात कैसरने पायउतार व्हावं, त्याच्या युवराजाने हक्क सोडावा, आठ तासांचा कामाचा दिवस हवा अशा मागण्या होत्या. बव्हेरियाच्या राजाने जावं असं त्यात कुठेही नव्हतं.

सभा संपल्यावर एसपीडीचे एर्हार्ट आउअर मुख्य मोर्चा घेऊन, पुढे बँड लावून, शहरातून इझार नदीपलीकडच्या 'शांतिदूत' स्तंभाकडे निघाले. आउअर यांनी गृहमंत्री फॉन ब्रेटराइश यांना आधीच शब्द दिला होता की आमची माणसं आमच्या हातात आहेत, काही होणार नाही. त्यांनी शब्द पाळलाही. मोठी गर्दी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गेली आणि तिथून पांगली.

यूएसपीडीचे कुर्ट आइसनर मात्र आपला गट घेऊन उलट दिशेला वळले. सोबत त्यांचा तरुण सहकारी फेलिक्स फेखेनबाख आणि शेतकरी संघाचे अंध नेते लुडविग गांडोर्फर. हा गट एकंदर गर्दीच्या मानाने लहान होता, पण त्यात गणवेशातले सैनिक बरेच होते. हे लोक मंत्रालयाकडे गेले नाहीत, राजवाड्याकडेही नाहीत. ते गेले बराकींकडे. पहिलं ठिकाण गुल्डाइन शाळा. युद्धकाळात तिथे लांडष्टुर्म, म्हणजे वयस्क राखीव सैनिकांची तुकडी होती. ते सामील झाले, शस्त्रं आणि दारूगोळा मिळाला. मग मार्सफेल्ड, माक्सिमिलियन दुसरा, ट्युर्कन अशा बराकी एकामागून एक. प्रत्येक ठिकाणी पद्धत एकच. दारातून आत निरोप पाठवायचा, आतले सैनिक बाहेर यायचे, टोपीवरचं राजचिन्ह काढून टाकायचे आणि पुढच्या बराकीकडे निघणाऱ्या घोळक्यात मिसळायचे. लष्करी तुरुंगही उघडला गेला. रात्री ९ च्या सुमारास शहरातली एकही बराक राजाच्या बाजूची उरली नव्हती.

तोवर स्टेशनजवळच्या माथेझरब्रॉय या बिअरगृहात कामगार आणि सैनिकांची परिषद निवडली गेली. रेल्वे स्टेशन, तारघर, मंत्रालयं ताब्यात आली. १० नंतर मिरवणूक प्रानरस्ट्रासंवरच्या विधिमंडळात पोचली. आइसनर अध्यक्षांच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी प्रजासत्ताक जाहीर केलं.

राजा लुडविग तिसरा, वय ७३, दुपारी नेहमीप्रमाणे इंग्लिश गार्डनमध्ये फिरायला गेला होता. घरी जावं असं त्याला वाटेतच सांगण्यात आलं. संध्याकाळी पंतप्रधान ओटो फॉन डांडल आणि ब्रेटराइश यांनी राजवाड्यात येऊन शहर सोडण्याचा सल्ला दिला. राणी मारिया तेरेझिया गंभीर आजारी. तिला आणि मुलींना घेऊन राजा मोटारीने कीमझे सरोवराजवळच्या विल्डनवार्टला निघाला. दाट धुक्यात गाडी रस्ता सोडून शेतात घुसली, ती ओढून काढावी लागली. विधिमंडळात प्रजासत्ताकाची घोषणा झाली तेव्हा राजा शहरात नव्हताच.

माझं मत सांगतो. गादी मैदानावरच्या हजारोंच्या गर्दीमुळे गेली नाही. संध्याकाळच्या तीन-चार तासांत बराकी फिरल्या, आणि त्या वेळात सरकारातल्या एकाही माणसाने एकही निर्णायक हुकूम दिला नाही, यात ती गेली. असहमतांचं स्वागत.

---

शेवंती

छान मांडलंय. एक शंका. बव्हेरियाचं सैन्य जर्मन सैन्यातही वेगळं होतं ना? स्वतःचं युद्धखातं, स्वतःचा राजा सरसेनापती. मग राजधानीत राजाच्या मागे उभी राहील अशी एकही पलटण नसावी, हे कसं?

---

तळटीप

शेवंतीताई, मुद्द्याचं विचारलंत. जर्मन साम्राज्यात सामील होताना बव्हेरियाने केलेल्या १८७० च्या करारानुसार शांततेच्या काळात सैन्य राजाचं, पण युद्ध सुरू झालं की ते कैसरच्या हुकमतीखाली. १९१८ मध्ये लढणारं बव्हेरियन सैन्य सगळं आघाडीवर होतं. मागे म्युनिक, वुर्ट्सबुर्ग आणि न्युर्नबर्ग या तीन कोअरच्या (मोठ्या सैन्यविभागांच्या) मुख्यालयांत उरल्या होत्या त्या बदली तुकड्या. जखमा भरून परत आघाडीवर जायची वाट पाहणारे, १९०० साली जन्मलेली कोवळी पोरं आणि चाळिशी उलटलेले लांडष्टुर्मवाले. यातल्या प्रत्येकाच्या दृष्टीने राजा राहणं म्हणजे पुढच्या गाडीने पश्चिम आघाडीला रवानगी. जर्मनीने ऑक्टोबरातच युद्धबंदी मागितली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. शेवटच्या आठवड्यात मरायला कोण तयार होईल?

अधिकारीवर्गही असाच. पक्के, कसलेले अधिकारी आघाडीवर, मागे राहिलेले निवृत्तीतून बोलावलेले किंवा जायबंदी. युद्धमंत्री फॉन हेलिंगराथ यांना त्या संध्याकाळी सांगावं लागलं की म्युनिकमध्ये भरवशाचं सैन्य नाही. आणि बव्हेरियात युद्धकाळातले सगळे अधिकार युद्धखात्याच्याच हातात एकवटले होते. प्रशियात, म्हणजे कैसरच्या स्वतःच्या राज्यात, ते प्रत्येक कोअरच्या सेनापतीकडे वाटलेले होते. त्यामुळे इथे एक खातं लुळं पडलं की सगळंच लुळं.

---

अक्षांश

नकाशा समोर ठेवल्याशिवाय हे पूर्ण समजत नाही असं मला वाटतं. ३ नोव्हेंबरला ऑस्ट्रियाने व्हिला ज्युस्तीला युद्धबंदीवर सही केली. ४ तारखेपासून ती लागू. त्यातल्या अटींनुसार दोस्त सैन्याला ऑस्ट्रियाच्या भूमीतून जायची मोकळीक मिळाली. याचा बव्हेरियाच्या भाषेत अर्थ असा की आल्प्समधली ब्रेनर खिंड आता उघडी. इन्सब्रुकहून म्युनिक सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटर. चार वर्षं फ्रान्समध्ये आणि बेल्जियममध्ये चाललेलं युद्ध आता आपल्या दारात येणार, ही भीती त्या आठवड्यात म्युनिकमध्ये खरीखुरी होती. सरकारने ५-६ तारखेला हाताशी असलेल्या तुकड्या सीमेपलीकडे ऑस्ट्रियाच्या टिरोलमध्ये घुसवल्या. म्हणजे आधीच कमी असलेलं सैन्य आणखी दक्षिणेला गेलं.

बर्लिनला ही भीती नव्हती. म्हणून मला वाटतं, बव्हेरिया पहिला पडला यात या दक्षिण सीमेचा वाटा मोठा आहे. कीलच्या नौसैनिकांचं बंड (३-४ नोव्हेंबर) ही ठिणगी खरी, पण म्युनिकचं सरपण अल्प्समधून आलेलं होतं.

---

पानगळ

अक्षांशराव, सीमेचा मुद्दा मान्य, पण सरपण त्याच्या फार आधीपासून रचलेलं होतं. १९१६-१७ चा सलगमचा हिवाळा आठवा. बटाट्याचं पीक बुडालं आणि शहरातली माणसं गुरांच्या सलगमवर जगली. धान्य, कोळसा, कातडं, धातू या सगळ्यांचं वाटप बर्लिनमधल्या युद्ध-महामंडळांकडून व्हायचं. म्युनिकच्या बाईला रांगेत तासन्‌तास उभं राहून लोणी मिळायचं नाही, आणि बव्हेरियाचं लोणी उत्तरेला जातं अशी तिची खात्री असायची. चर्च, दुकान, आगगाडी, सगळीकडे प्रशियाला शिव्या. अशा वेळी बव्हेरियाच्या राजाचं काम काय? बर्लिनसमोर आपल्या माणसांची बाजू घेणं. लुडविग तिसरा याच्या नेमकं उलट वागला. १९१४ पासून तो विजयानंतर कुठला मुलूख बव्हेरियाला जोडून घ्यायचा याच्या मागण्या करत राहिला. अल्सेसवर त्याचा डोळा होता. शांततेची भूक लागलेल्या प्रजेला तो प्रशियाचा मांडलिक दिसू लागला.

त्यात त्याच्या गादीचाच पाया कच्चा. मूळ राजा ओटो मानसिक आजारी, म्हणून लुडविगचे वडील लुइटपोल्ड हे १८८६ पासून राजप्रतिनिधी. ते डिसेंबर १९१२ मध्ये वारले. लुडविगने राज्यघटनेत बदल करून घेतला आणि ५ नोव्हेंबर १९१३ ला, ओटो जिवंत असताना, स्वतःला राजा म्हणवून घेतलं. ओटो १९१६ पर्यंत जगला. तीन वर्षं बव्हेरियात दोन राजे होते! परंपरेवर जगणाऱ्या घराण्याने गादी कायद्यातल्या दुरुस्तीने मिळते हे स्वतःच लोकांना दाखवून दिलं होतं.

आणि सुधारणा? २ नोव्हेंबरला पक्षांशी करार होऊन मंत्रिमंडळ विधिमंडळाला जबाबदार करायचं ठरलं होतं. एसपीडीसह नवं सरकार येण्याच्या बेतात होतं. हीच गोष्ट १९१७ मध्ये झाली असती तर आउअर खरोखरच मंत्री म्हणून राजाच्या शेजारी उभे राहिले असते.

---

कोरडवाहू

शहराचं बरंच आलं, आता जरा खेड्याकडे वळतो. बव्हेरिया हा शेतकऱ्यांचा, कॅथलिक, राजनिष्ठ मुलूख. मग गावांतून कोणी काठी घेऊन राजासाठी का उठलं नाही?

कारण गावाला राजधानीपेक्षा जास्त राग होता. धान्याची सक्तीची वसुली, ठरवून दिलेले भाव, कोठारात येऊन पोती मोजणारे निरीक्षक, घोडे सैन्यात नेलेले, पोरगे आघाडीवर, आणि हातात युद्धकर्जाचे रोखे. १९१४ ते १९१८ मध्ये अशी एकंदर नऊ कर्जं काढली गेली. गावच्या पाद्र्याने आणि शिक्षकाने सांगितलं म्हणून शेतकऱ्यांनी त्यात पैसे घातले होते. राजाला शेतीची खरोखर आवड होती, लॉयष्टेटनला त्याची आदर्श दुग्धशाळा होती. पण युद्धाच्या चौथ्या वर्षी तीच त्याच्या अंगाशी आली. 'दूधवाला शेतकरी' हे त्याचं टोपणनाव आधी प्रेमाचं होतं. पुढे लोक म्हणू लागले की राजा स्वतःचं दूध चढ्या भावाने विकतो.

आइसनर मुळात बर्लिनमध्ये जन्मलेले पत्रकार आणि नाट्यसमीक्षक, ज्यू, शहरी. त्यांनी गांडोर्फर यांना सोबत घेतलं यात त्यांची खरी समज दिसते. त्यांचा हिशोब साधा होता. म्युनिकला काही आठवड्यांच्या वर पुरेल एवढं अन्न नाही, आणि शेतकऱ्यांनी गाड्या अडवल्या तर क्रांती उपाशी मरेल. म्हणून कामगार आणि सैनिकांच्या जोडीला शेतकऱ्यांचीही परिषद. ८ तारखेच्या जाहीरनाम्यात शहरांना धान्यपुरवठा होईल हे आश्वासन मुद्दाम घातलेलं आहे. दुर्दैवाने लुडविग गांडोर्फर १० नोव्हेंबरलाच मोटार अपघातात गेले. भाऊ कार्ल यांनी जागा घेतली, पण गावांशी असलेला तो थेट धागा पातळ झाला.

---

जुनी_वही

आतापर्यंत कोणीच आनीफचा विषय काढला नाही म्हणून लिहिते. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा कागद तो आहे.

८ तारखेच्या सकाळी आइसनर यांच्याकडे काय होतं? बराकी, स्टेशन, छापखाना. पण कर गोळा करणारा कारकून, न्यायाधीश, रेल्वेचा स्टेशनमास्तर, पोस्टमन, शाळामास्तर हे सगळे राजाच्या नावाने शपथ घेतलेले. त्यांनी कामावर यायचं नाकारलं असतं तर आठवड्याभरात राज्य बंद पडलं असतं. जाहीरनाम्यात म्हणूनच स्पष्ट लिहिलंय की सर्व अधिकारी आपापल्या जागी राहतील. पण शपथेचं काय? कॅथलिक मुलखात शपथ ही तोंडदेखली गोष्ट नव्हती.

राजा तोवर विल्डनवार्टहून हिंटरझेमार्गे झाल्झबुर्गजवळच्या आनीफ वाड्यात गेला होता. माजी पंतप्रधान डांडल १२ नोव्हेंबरला तिथे पोचले. १३ तारखेचा मजकूर अगदी लहान आहे. त्याचा आशय असा : गेल्या काही दिवसांच्या घटनांमुळे मला सरकार चालवणं शक्य उरलेलं नाही. सर्व अधिकारी, सेनाधिकारी आणि सैनिक यांनी सद्यःस्थितीत काम चालू ठेवावं की नाही हे मी त्यांच्यावर सोडतो. मला दिलेल्या निष्ठेच्या शपथेतून मी त्यांना मोकळं करतो.

बारकाईने पाहा. 'मी राज्यत्याग करतो' हे यात नाही. 'माझे वारस हक्क सोडतात' हेही नाही. आइसनर सरकारने मात्र त्याच दिवशी हा राज्यत्याग समजून त्याची नोंद घेत असल्याचं जाहीर केलं, आणि नव्या राज्याविरुद्ध काही न केल्यास राजाने आणि कुटुंबाने इतर नागरिकांसारखं बव्हेरियात मोकळेपणी राहावं, असंही सांगितलं. दोन्ही बाजूंना हवं ते मिळालं. राजनिष्ठांना म्हणता आलं की राजा अजून राजाच आहे. कारकुनाला म्हणता आलं की मी शपथ मोडलेली नाही.

मला यात लुडविगचं श्रेयही दिसतं. त्याने शपथ अडवून धरली असती तर हजारो कुटुंबांच्या पगाराचा आणि निवृत्तिवेतनाचा प्रश्न उभा राहिला असता, आणि कदाचित रक्तही सांडलं असतं.

---

शेवंती

जुनी_वही, हे फार उपयोगी. मग युवराज रुप्रेश्ट? तो तर मोठा सेनापती. त्याने हालचाल का केली नाही?

---

जुनी_वही

तो तेव्हा बेल्जियमच्या बाजूला आख्ख्या सेनागटाचं नेतृत्व करत होता. (मार्च १९१५ मध्ये न्यूव्ह शापेलला हिंदी कोअरने ज्या जर्मन सहाव्या सैन्यावर हल्ला केला, त्याचा सेनापती हाच.) बातमी कळल्यावर त्याने निषेध नोंदवला. हा बदल सगळ्या नागरिकांच्या आणि विधिमंडळाच्या सहभागाशिवाय एका अल्पसंख्य गटाने लादलाय, निवडून आलेल्या घटनासमितीने राज्यपद्धती ठरवावी, अशी मागणी केली. म्हणजे त्यानेही 'मीच राजा' असं म्हटलं नाही. सैन्य घेऊन म्युनिकवर जाणं तर अशक्यच होतं. ११ नोव्हेंबरच्या युद्धबंदीने पश्चिमेतला व्यापलेला मुलूख १५ दिवसांत रिकामा करायची अट घातली होती. सगळी रेल्वे आणि सगळे रस्ते त्या माघारीत गुंतलेले. सैनिक घराकडे निघालेले. तो स्वतः हॉलंडमार्गे परतला.

---

अक्षांश

तुलनेसाठी इतर राजांकडे पाहिलं तर म्युनिकचं वेगळेपण कळतं. जर्मन साम्राज्यात २२ राजेशाही राज्यं होती : ४ राजांची, ६ ग्रँड ड्यूकांची, ५ ड्यूकांची, ७ प्रिन्सांची. शिवाय तीन मुक्त शहरं. सगळी घराणी नोव्हेंबरातच गेली. ब्राउनश्वाइगचा ड्यूक ८ तारखेला, सॅक्सनीचा राजा १३ ला, बाडेनचा ग्रँड ड्यूक २२ ला. दोन्ही श्वार्ट्सबुर्ग संस्थानांचा प्रिन्स २५ नोव्हेंबरपर्यंत. कैसरने हॉलंडमध्ये पोचल्यावर २८ तारखेला रीतसर सही केली.

यातलं व्युर्टेम्बर्ग मला सगळ्यात बोलकं वाटतं. तिथला राजा विल्हेल्म दुसरा खरोखर लोकप्रिय. स्टुटगार्टमध्ये कुत्री घेऊन एकटा फिरायचा. ९ तारखेला जमाव त्याच्या विल्हेल्म्सपालेमध्ये शिरला आणि वरचा राजध्वज उतरवून लाल झेंडा लावला. राजाला कोणी हात लावला नाही. संध्याकाळी तो बेबनहाउझनला गेला तो सैनिक परिषदेच्याच संरक्षणात. ३० नोव्हेंबरला त्याने रीतसर राज्यत्याग केला. पण त्या दिवशी कोणीही आपल्या बाजूने उभं राहिलं नाही हे त्याच्या मनाला इतकं लागलं की मृत्यूनंतर आपली अंत्ययात्रा स्टुटगार्टमधून नेऊ नये, असं त्याने सांगून ठेवलं. १९२१ मध्ये ती शहराला वळसा घालूनच नेली.

यावरून पानगळ यांच्या मुद्द्याला थोडा छेद जातो. राजा नावडता असो की आवडता, निकाल तोच लागला. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांच्या २३ ऑक्टोबरच्या पत्रानंतर राजे हटल्याशिवाय बऱ्या अटींवर तह मिळणार नाही अशी लोकांची समजूत झाली होती. राजाचा स्वभाव त्यापुढे गौण.

---

पानगळ

निकाल तोच लागला हे बरोबर. पण क्रम वेगळा होता, आणि क्रमालाही कारण असतं. स्टुटगार्टमध्ये बर्लिनची बातमी येईपर्यंत राजा टिकला. म्युनिकमध्ये बर्लिनच्या आधी गेला. एवढा फरक मी लुडविगच्या खात्यावर टाकते.

---

मुक्काम_म्युनिक

इथे राहणाऱ्या आणि फिरायला येणाऱ्या मराठी मंडळींसाठी त्या संध्याकाळची वाट देतो. अर्धा दिवस पुरतो, चालतच करा.

सुरुवात थेरेझियनवीझवर बव्हेरियाच्या पुतळ्यापासून. मात्र सप्टेंबरच्या उत्तरार्धात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला ऑक्टोबरफेस्टमुळे मैदान मिळणार नाही. पुतळ्याच्या मागच्या वस्तीत, श्वांटालरह्योहंमध्ये, गुल्डाइन शाळा आजही शाळा म्हणून चालू आहे. मैदानापासून किती जवळ आहे हे चालल्यावर कळतं. सभेतून सुटलेली माणसं दमायच्या आत पहिल्या शस्त्रांपर्यंत पोचली. याउलट आउअर यांचा मोर्चा 'शांतिदूत' स्तंभापर्यंत गेला, तो चार-पाच किलोमीटर पूर्वेला, नदीपलीकडे. दोन्ही वाटा पायाखालून घातल्या की तळटीप यांचा मुद्दा पटतो. एकाने गर्दी शस्त्रांपासून दूर नेली, दुसऱ्याने शस्त्रांकडे.

ट्युर्कन बराक पाडली गेली, तिचा फक्त दरवाजा कलासंग्रहालयांच्या आवारात उभा आहे. माथेझरच्या जागी आता त्याच नावाचं बहुपडदा चित्रपटगृह आहे, स्टाखुस चौकाजवळ. कार्डिनाल-फाउलहाबर-स्ट्रासंवर फुटपाथमध्ये जमिनीसरशी बसवलेली माणसाची आकृती दिसेल. आइसनर यांना गोळ्या घातल्या ती जागा. खाली न पाहता चाललात तर ती चुकते. तिथून फ्राउएनकिर्खं पाच मिनिटांवर. लुडविग आणि मारिया तेरेझिया यांचं दफन तिथे आहे.

---

सह्यकडा

वाचतोय. आइसनर यांचं पुढे काय झालं तेही कोणीतरी लिहा. एवढ्या सफाईने सत्ता घेणारा माणूस तीन महिन्यांत का हरला?

---

तळटीप

सत्ता घेणं आणि राज्य चालवणं यांना लागणारी सामग्री वेगळी. बव्हेरियात दगडी कोळसा जवळजवळ नाही. तो ऱ्हुर, सॅक्सनी आणि बोहेमियातून यायचा. बोहेमिया आता दुसऱ्या देशात. आघाडीवरून लाखो सैनिक परतत होते, युद्धसामग्रीचे कारखाने बंद पडत होते. आइसनर यांनी मंत्रिमंडळ एसपीडीबरोबर बनवलं. आउअर गृहमंत्री, योहान्नेस होफमान शिक्षणमंत्री, अर्थखात्यात प्राध्यापक एडगर याफे. काही पक्की कामं झाली : आठ तासांचा दिवस, स्त्रियांना मताधिकार, शाळांवरची पाद्र्यांची देखरेख बंद. पण हे शेवटचं काम निवडणुकीच्या तोंडावर केल्याने कॅथलिक खेडी बिथरली.

२३ नोव्हेंबरला त्यांनी बर्लिनमधल्या बव्हेरियन वकिलातीचे १९१४ चे अहवाल निवडून प्रसिद्ध केले. जर्मनीने युद्धाची जबाबदारी कबूल केली तर दोस्त राष्ट्रं मऊ होतील, अशी त्यांची प्रामाणिक आशा होती. दोस्त मऊ झाले नाहीत. घरी मात्र ते देशद्रोही ठरले.

१२ जानेवारी १९१९ ची निवडणूक. १८० जागांत यूएसपीडीला ३. मतं अडीच टक्के. कॅथलिक बव्हेरियन पीपल्स पार्टी ६६, एसपीडी ६१. (फ्रेंचांच्या ताब्यातल्या फाल्त्स या बव्हेरियाच्या पश्चिमेकडच्या प्रांतात मतदान २ फेब्रुवारीला झालं.) बराकीतल्या माणसांनी त्यांना सत्ता दिली होती ती युद्ध थांबावं म्हणून. युद्ध थांबलं, ती माणसं घरी गेली, आणि मतदार उरला तो ज्याने ७ नोव्हेंबरला काहीच केलं नव्हतं. २१ फेब्रुवारीला राजीनामा द्यायला विधिमंडळाकडे पायी जात असताना काउंट आर्को-फालाय याने मागून गोळ्या घातल्या. तासाभरात सभागृहात आलोइस लिंडनर या कामगाराने आउअर यांच्यावर गोळी झाडली. ते जबर जखमी झाले, पण वाचले.

पुढचं थोडक्यात : ७ एप्रिलला कामगार-सैनिक परिषदांचं प्रजासत्ताक, १३ पासून कम्युनिस्टांच्या हाती, होफमान सरकार बामबेर्गला, आणि मेच्या पहिल्या दिवसांत सैन्य आणि फ्रायकोअर (स्वयंसेवक सैनिकांची पथकं) यांनी शहर रक्तात बुडवून ते संपवलं. राजेशाही जाताना न सांडलेलं रक्त सहा महिन्यांनी सांडलं. नवी राज्यघटना ऑगस्ट १९१९ ची, बामबेर्गला झालेली.

---

सनावळी

मालमत्तेचा हिशोब राहिलाय, तो पुरा करतो, कारण आनीफच्या कागदाचा खरा परिणाम इथे दिसतो.

एकोणिसाव्या शतकात राजघराण्याची बरीचशी मिळकत राज्याकडे गेली आणि बदल्यात राजाला दरसाल नेमणूक ठरवून दिली गेली. घराण्याचं म्हणणं : नेमणूक बंद केलीत ना, मग मूळ मिळकत परत द्या. राजाने काहीच सोडून दिलेलं नसल्याने दावा भक्कम होता. अखेर १९२३ मध्ये करार आणि कायदा झाला. नॉयश्वानश्टाइन, लिंडरहोफ, हेरनकीमझे हे लुडविग दुसऱ्याचे वाडे राज्याकडे. होहेनश्वांगाउ, बेर्ख्टेसगाडेन वगैरे नव्याने काढलेल्या विटेल्सबाख भरपाई निधीकडे. तो निधी सार्वजनिक कायद्याखालची संस्था आहे, आणि त्याच्या उत्पन्नातून घराण्याला आजही रक्कम मिळते.

प्रशियात हाच प्रश्न चिघळला. २० जून १९२६ ला सगळ्या राजघराण्यांची मालमत्ता मोबदल्याशिवाय जप्त करावी का यावर देशभर सार्वमत झालं. बाजूने १ कोटी ४५ लाखांच्या आसपास मतं पडली. पण एकूण मतदारांच्या निम्मी, म्हणजे जवळपास दोन कोटी हवी होती, त्यामुळे ते फेटाळलं गेलं.

आपल्याकडच्या वाचकाला कोल्हापूर, बडोदा आठवतील. १९४९ ची विलीनीकरणं सह्यांच्या करारांनी झाली, त्यात तनखे लिहून दिले होते, आणि १९७१ च्या २६व्या घटनादुरुस्तीने ते बंद झाले. म्हणजे क्रम उलटा. इथे आधी करार, मग कायद्याने रद्द. तिथे आधी गादी गेली आणि करार चार वर्षांहून अधिक काळाने.

---

जुनी_वही

सनावळी, उत्तम. त्यात एक भर घालते. लुडविग तिसरा १८ ऑक्टोबर १९२१ ला हंगेरीत शारवारला वारला. राणी फेब्रुवारी १९१९ मध्येच विल्डनवार्टला गेली होती. दोघांचं दफन ५ नोव्हेंबर १९२१ ला म्युनिकमध्ये झालं तेव्हा रस्त्यांवर प्रचंड गर्दी लोटली होती, आणि रुप्रेश्ट त्या दिवशी स्वतःला राजा घोषित करेल अशी अपेक्षा अनेकांना होती. त्याने तसं केलं नाही. मात्र हक्कही कधी सोडला नाही. १९२३ चा करार अशा घराण्याशी झाला ज्याच्या प्रमुखाने गादीवरचा दावा मागे घेतलेला नव्हता. त्यामुळे त्या वाटाघाटींत राज्याची बाजू किती नरम होती हे समजून घ्यायचं असेल तर १९२१ ची ती गर्दी हिशोबात धरावीच लागते.